काचबिंदू : गेलेली नजर येत नाही, उरलेली राखता येते

आपल्या गडचांदूर, कोरपना, जिवती भागात घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला कमी दिसू लागले की शेजारीपाजारी एकच सांगतात, "मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग काढून टाकू." हा सल्ला जुना आहे आणि आता तो चुकीचाही ठरला आहे. त्याहून मोठा धोका असा की आपण मोतीबिंदू समजून थांबतो तेव्हा कधीकधी आत काचबिंदू बसलेला असतो. मोतीबिंदूसाठी थांबले तर नजर उशिरा मिळते. काचबिंदूसाठी थांबले तर गेलेली नजर मिळतच नाही. हा एक फरक समाजबांधवांच्या व विद्यार्थी मित्रांच्या मनावर ठसावा, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकुनी करणारे. परंतु पगार-पेन्शनच्या निमित्ताने चाळिशी-साठीची माणसे रोज आमच्यासमोर येतात. पावतीवरची ओळ सापडत नाही, सही चौकटीबाहेर जाते, शेजारी उभा असलेला माणूस दिसत नाही, असे बरेच पाहण्यात येते. "चष्मा बदला" एवढेच बोलून त्यांना परत पाठवणे आम्हाला पटेना. म्हणून नेत्रतज्ज्ञांना विचारून आणि वाचून जे समजले ते सोप्या शब्दांत येथे मांडले आहे. हा लेख उपचार सांगण्यासाठी नाही. आपण वेळेवर तपासणीला जावे, यासाठी आहे.

मोतीबिंदू वेगळा, काचबिंदू वेगळा

दोन्ही नावांच्या शेवटी 'बिंदू' असल्यामुळे हे एकाच आजाराचे दोन भाऊ वाटतात. प्रत्यक्षात दोघांचे ठिकाणच वेगळे आहे. आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. वयामुळे ते भिंग गढूळ होते, तो मोतीबिंदू होय. शस्त्रक्रियेने गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवले की माणसाला पुन्हा दिसू लागते. धुळीने माखलेली खिडकीची काच बदलावी तसे हे आहे.

काचबिंदूत काच स्वच्छच असते. बिघाड होतो तो डोळ्याच्या पाठीमागून मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत, म्हणजे नजरेच्या तारेत. या तारेत सुमारे दहा ते बारा लाख बारीक तंतू असतात. ते एकेक करून मरतात. मेलेला तंतू पुन्हा जिवंत करण्याचा उपाय आजच्या वैद्यकशास्त्राजवळ नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे असे खाते आहे की ज्यातून फक्त रक्कम काढली जाते, जमा कधीच होत नाही. अशा खातेदाराच्या हातात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे पैसे काढणे थांबवणे. काचबिंदूचा सगळा उपचार हा थांबवण्याचा उपचार आहे.

नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटरवरील ८ खेड्यांत ३० वर्षांवरील ४,७११ लोकांचे डोळे तपासले. विदर्भातील खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यांची एवढी बारकाईने झालेली ही महत्त्वाची पाहणी होय. दृष्टी कमी होण्याचे सर्वांत मोठे कारण तेथे मोतीबिंदू हेच आढळले. ते खरेच आहे, आणि म्हणूनच आपल्या मनात मोतीबिंदू एवढा भरून राहिला आहे की त्याच्या आडोशाला काचबिंदू लपून जातो. एकाच डोळ्यात दोन्हीही असू शकतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया उत्तम होऊनही "पाहिजे तसे दिसत नाही" अशी तक्रार राहते, तेव्हा कित्येकदा आतली तार आधीच खराब झालेली असते.

डोळ्यातला दाब म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रांनी हा भाग नीट समजून घ्यावा. डोळ्याच्या पुढच्या भागात, पारपटल आणि भिंग यांच्यामध्ये, पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत तयार होत असतो. हे अश्रू नव्हेत. अश्रू डोळ्याच्या बाहेर असतात, हा द्रव डोळ्याच्या आत असतो. तो भिंगाला व पारपटलाला पोषण देतो आणि डोळ्याच्या गोळ्याचा आकार टिकवतो. त्याचे एकूण प्रमाण पाव मिलिलिटरच्या आसपास, आणि दीड-दोन तासांत जुना द्रव जाऊन नवा येतो.

हा द्रव बाहेर जाण्याची वाट पारपटल आणि परितारिका यांच्या कोपऱ्यात असते. त्या कोपऱ्याला 'कोन' म्हणतात. कोनात बारीक जाळी असते. जाळीतून द्रव झिरपून रक्तात मिसळतो. आता मोरीचे उदाहरण घ्या. नळ चालू आहे आणि मोरीच्या तोंडाची जाळी कचऱ्याने अर्धवट तुंबली, तर पाणी साचू लागते. डोळ्यात साचायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो. बहुतेक निरोगी डोळ्यांत हा दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. वाढलेला दाब सर्वांत नाजूक जागी, म्हणजे दृष्टिचेता डोळ्याबाहेर पडते तेथे, बसतो आणि तंतू मरू लागतात.

येथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. डोळ्याचा दाब आणि रक्तदाब या वेगळ्या गोष्टी आहेत. दंडाला पट्टा बांधून डोळ्याचा दाब कळत नाही. दुसरे, काही लोकांचा दाब २१ च्या आत असूनही त्यांना काचबिंदू होतो, तर काहींचा दाब थोडा जास्त असूनही तार शाबूत राहते. म्हणून केवळ दाबाचा आकडा पाहून निश्चिंत होता येत नाही. आतली तार प्रत्यक्ष पाहावीच लागते.

चोरपावलांनी येणारा

काचबिंदूच्या नेहमीच्या प्रकारात कोन उघडा असतो, जाळीच हळूहळू निकामी होते. यात डोळा दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. नजर जाते ती आधी कडेने. समोरचे अक्षर स्पष्ट दिसत असते, पेपर वाचता येतो, सुईत दोरा ओवता येतो, पण बाजूने येणारी सायकल दिसत नाही. दाराची चौकट खांद्याला लागते, पायरी चुकते, ताटाच्या कडेची वाटी सांडते. घरचे म्हणतात, "म्हातारपणी लक्ष राहत नाही." लक्ष असते, नजर नसते.

शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि मेंदू मधल्या रिकाम्या जागा स्वतःच रंगवून टाकतो. त्यामुळे रुग्णाला काळा डाग दिसत नाही, काही दिसत नाही हेच दिसत नाही. शेवटी नळीतून पाहावे तेवढी मधली नजर उरते आणि पुढे तीही जाते. वेदना हा शरीराचा निरोप्या असतो. या आजारात निरोप्याच येत नाही, म्हणून आपणच चौकशीला गेले पाहिजे.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तामिळनाडूच्या खेड्यांत ४० वर्षांवरील ५,१५० लोकांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. शंभरात अडीचहून थोड्या अधिक लोकांना काचबिंदू निघाला. उघड्या कोनाचा काचबिंदू असलेल्यांपैकी दहांत नऊहून जास्त जणांना आपल्याला हा आजार आहे हे माहीतच नव्हते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार भारतात ४० वर्षांवरील सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू होता. हे प्रमाण आपल्या वस्तीला लावून पाहा. चाळिशीपुढील दोनशे माणसे सभेला जमली तर त्यात चार-पाच जण असे निघू शकतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नसतो.

आमच्या परिचयातील एक निवृत्त कामगार दोन वर्षे मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत राहिले. एका शिबिरात तपासणी झाली तेव्हा कळले की मोतीबिंदू अगदी थोडा आहे, परंतु उजव्या डोळ्याची तार जवळजवळ संपली आहे. त्या डोळ्यासाठी काही करता आले नाही. डाव्या डोळ्यात रोज थेंब टाकून ते आज स्वतःची कामे स्वतः करतात. डॉक्टरांनी आग्रह केला म्हणून धाकट्या भावालाही तपासले, त्यालाही आजार निघाला, पण सुरुवातीचा. त्याची नजर आज पूर्ण आहे. एका घरातील या दोन भावांमध्ये फरक एवढाच की एकाची तपासणी वेळेवर झाली.

अचानक येणारा प्रकार

दुसऱ्या प्रकारात कोन अरुंद असतो आणि एखाद्या दिवशी एकदम बंद होतो. तेव्हा डोळ्यात व त्या बाजूच्या डोक्यात असह्य दुखते, डोळा लालभडक होतो, नजर धुरकट होते, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी रंगीत वलये दिसतात आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे घरचे याला पित्त समजतात, डोके दुखते म्हणून अर्धशिशी समजतात, आणि सुई घेऊन झोपवतात. असे करू नये. डोळा लाल, नजर कमी आणि उलटी ही तिन्ही एकत्र आली तर रात्र असली तरी नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे. काही तास-दिवसांत डोळा कायमचा जाऊ शकतो.

हा प्रकार स्त्रियांत आणि ज्यांना लांबचे पाहण्यासाठीही अधिक नंबरचा चष्मा लागतो अशांत जास्त आढळतो. कोन अरुंद आहे हे आधीच तपासणीत कळले तर लेझरने परितारिकेला सूक्ष्म छिद्र पाडून द्रवाला दुसरी वाट करून देता येते. त्याला काही मिनिटे लागतात, टाके नाहीत, मुक्काम नाही.

तिसरी वाट मोतीबिंदूतूनच येते. फार दिवस पिकू दिलेला मोतीबिंदू फुगून कोन दाबतो किंवा झिरपून जाळी तुंबवतो, आणि दाब एकदम चढतो. म्हणजे "पिकू द्या" या सल्ल्यानेच साध्या, बऱ्या होणाऱ्या आजाराचे न बऱ्या होणाऱ्या आजारात रूपांतर होते. आजच्या शस्त्रक्रियेला मोतीबिंदू पिकण्याची गरज नाही.

लहान मुलांतही

काचबिंदू जन्मतःही असू शकतो. बाळाचे बुबुळ नेहमीपेक्षा मोठे दिसते, डोळ्यांतून सारखे पाणी येते, उजेडात ते डोळे मिटून घेते, काळ्या भागावर धुरकटपणा येतो. बायाबापड्या कौतुक करतात, "किती टपोरे डोळे आहेत!" असे कौतुक करण्याआधी बाळाला दाखवून आणावे. जवळच्या नात्यात लग्न झालेल्या घरांत हा प्रकार अधिक आढळतो. इटलीचे जगप्रसिद्ध गायक आंद्रेआ बोचेल्ली यांना जन्मजात काचबिंदू होता. बाराव्या वर्षी फुटबॉल खेळताना मार लागला आणि त्यांची उरलेली दृष्टीही गेली. आज लहानपणीच शस्त्रक्रिया करून पुष्कळ मुलांची नजर वाचवता येते, फक्त पहिल्या वर्षातच लक्ष गेले पाहिजे.

आपल्या भागाने विशेष सांभाळावयाच्या तीन गोष्टी

कोणाला धोका जास्त? वय ४० च्या पुढे, आई-वडील किंवा भावंडांत काचबिंदू, मधुमेह, दूरचे न दिसण्याचा मोठा नंबर, डोळ्याला पूर्वी लागलेला मार. ही यादी सर्वत्र सारखी आहे. परंतु गडचांदूरसारख्या ठिकाणी आणखी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे असे आम्हाला वाटते.

पहिली, औषधाच्या दुकानातून विचारून आणलेले थेंब. सिमेंटची धूळ, कापसाच्या शेतातील फवारणी, रस्त्यावरची माती, यांमुळे येथे डोळे लाल होणे नित्याचे आहे. उन्हाळ्यात शाळकरी मुलांचे डोळे खाजतात. दुकानदार एक बाटली देतो, दोन दिवसांत लाली जाते, आणि ती बाटली घरात कायमची राहते. अशा पुष्कळ बाटल्यांत स्टेरॉइड असते. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावे लेबलावर वाचून पाहा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधे गुणकारी आहेत. महिनोन्‌महिने आपल्या मनाने टाकली तर काही जणांच्या डोळ्याचा दाब वाढतो, मुलांचासुद्धा, आणि कोणाचा वाढेल हे आधी सांगता येत नाही. लाली गेलेली असते, म्हणून संशयही येत नाही. गुडघेदुखीसाठी किंवा दम्यासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही दाब तपासून घ्यावा. त्याचप्रमाणे मध, कांद्याचा रस, झाडपाल्याचा रस, अंजन हे डोळ्यात घालू नये. त्याने डोळ्यात फूल पडण्याचीच भीती अधिक.

दुसरी, सिकलसेल. विदर्भात हा रक्ताचा आजार असल्याची नोंद नागपूरच्या डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली केली. बौद्ध व आदिवासी समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय आहे हे आपण सर्व जाणतोच. शासनाने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली. परंतु डोळ्याशी त्याचा संबंध फार थोड्यांना ठाऊक आहे. चेंडू, विटी, दगड किंवा फांदी लागून डोळ्याच्या आत, बुबुळामागे, रक्त साचले तर साधारण माणसाचे रक्त जाळीतून हळूहळू निघून जाते. सिकलसेलच्या व्यक्तीच्या पेशी तेथे विळ्यासारख्या वाकड्या व ताठ होतात, जाळीत अडकतात आणि दाब चढतो. शिवाय अशा व्यक्तीची तार थोड्याशा दाबानेही लवकर खराब होते. हे रुग्णालाच नव्हे, तर ज्याला काहीही त्रास नसतो अशा वाहकालाही लागू आहे. म्हणून डोळ्याला मार लागलेल्या मुलाला नेताना सिकलसेलचे कार्ड सोबत न्यावे आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतः सांगावे. डोळ्याचा दाब उतरवण्यासाठी देतात ती असिटाझोलामाइडची गोळी अशा व्यक्तीला अपायकारक ठरू शकते, हे कळले की डॉक्टर दुसरा मार्ग निवडतात.

तिसरी, वाहनचालक. आपल्या भागातील कित्येक कुटुंबे ट्रक, टिप्पर, ऑटो यांवर चालतात. समोरचे फलक वाचता येतात म्हणून नजर चांगली, असे चालकाला वाटते. पण रस्त्याच्या कडेने आत शिरणारी दुचाकी किंवा धावत येणारे मूल कडेच्या नजरेनेच दिसते. चाळिशी ओलांडलेल्या चालकाने वाचण्याच्या तक्त्याबरोबर कडेच्या नजरेचीही तपासणी करून घ्यावी. यात त्याची नोकरी आहे आणि दुसऱ्याचा जीवही आहे.

तपासणी कशी होते?

चष्म्याच्या दुकानात नंबर काढणे म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे. काचबिंदूसाठी मुख्यतः चार गोष्टी पाहतात : (१) डोळ्याचा दाब, (२) कोन उघडा आहे की अरुंद, (३) आतली तार, (४) कडेची नजर, जी यंत्रासमोर बसून ठिपके दिसले की बटण दाबून मोजतात. मोठ्या रुग्णालयांत तंतूंच्या थराची जाडी मोजणारे यंत्रही असते. यांपैकी कशातही चिरफाड नाही. तार नीट पाहण्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब टाकले तर काही तास जवळचे धूसर दिसते. म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे आणि स्वतः गाडी चालवू नये.

ही साधने आपल्याला सहज मिळाली असली तरी त्यांच्या मागे दीड शतकाची मेहनत आहे. १८५१ साली जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण दाखवले आणि जिवंत माणसाची ही तार प्रथमच पाहता येऊ लागली. १८५७ साली फॉन ग्रेफे यांनी अचानक येणाऱ्या काचबिंदूवर शस्त्रक्रिया दिली. १९०५ साली नॉर्वेच्या शिओट्झ यांनी दाब मोजण्याचे साधे उपकरण दिले. ते जगभर खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत पोहोचले.

आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्याकडे प्राथमिक तपासणी करून घ्यावी आणि तेथून सांगतील त्याप्रमाणे चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, गरज पडल्यास नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोमध्ये जावे. जाताना एक वाक्य अवश्य बोलावे, "आमच्या डोळ्यांचा दाब आणि आतली तार तपासून द्या." चाळिशीनंतर दोन वर्षांतून एकदा, साठीनंतर किंवा घरात कोणाला काचबिंदू असल्यास वर्षातून एकदा, हा साधारण नियम ठेवावा. रक्ताच्या नात्यात आजार असेल तर चाळिशीचीही वाट पाहू नये.

उपचार आणि थेंबांची शिस्त

उपचार तीन प्रकारचे आहेत. थेंब, लेझर आणि शस्त्रक्रिया. तिन्हींचा हेतू एकच, दाब उतरवणे. १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलच्या थेंबांना आणि १९९६ साली लॅटानोप्रोस्टच्या थेंबांना मान्यता मिळाली. त्यानंतर बहुतेकांचा आजार थेंबांवरच आटोक्यात ठेवणे शक्य झाले. थेंबांनी भागले नाही तर द्रवाला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया करतात. ती १९६८ पासून प्रचारात आहे.

अडचण औषधात नसून आपल्या स्वभावात आहे. थेंब टाकून जास्त दिसू लागत नाही, आणि बंद केले तर लगेच कमीही दिसत नाही. म्हणून पहिली बाटली संपली की पुष्कळ जण दुसरी आणत नाहीत. विम्याचा हप्ता भरताना "यातून मला आज काय मिळाले?" असे आपण विचारत नाही. थेंबही तसेच आहेत. हप्ता चुकला की संरक्षण गेले.

काही साध्या सूचना :

(१) हात धुवावेत, मान मागे करावी, खालची पापणी ओढून एकच थेंब टाकावा. बाटलीचे टोक डोळ्याला लावू नये.

(२) थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरावा. त्यामुळे औषध नाकावाटे शरीरात उतरत नाही.

(३) दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे.

(४) बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून एक महिन्याने टाकून द्याव्या लागतात.

(५) लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवावी लागते. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. बाटली खिडकीत, पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत राहिली तर आतले औषध बिघडू शकते. फ्रिज नसेल तर कसे ठेवावे, किंवा दुसरे औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

(६) दमा असणाऱ्यांनी आणि हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांनी ते आधी सांगावे. टिमोलॉलचा एक थेंबसुद्धा दम्याच्या रुग्णाला त्रासदायक ठरू शकतो. धुळीच्या गावात दमेकरी थोडे नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहोत. शेजाऱ्याचे थेंब "मलाही काचबिंदूच आहे" म्हणून वापरू नयेत.

(७) काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासन करू नये, त्या अवस्थेत डोळ्याचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. चालणे, हलका व्यायाम अवश्य करावा.

(८) तंबाखू-खर्रा सोडावा. मधुमेह व रक्तदाब ताब्यात ठेवावा.

खर्चाची काळजी असल्यास डॉक्टरांना औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती करावी आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. शस्त्रक्रिया सांगितली तर महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला शिधापत्रिका दाखवून विचारावे.

नजर फार कमी झाली असेल तर

ज्यांची नजर आधीच गेली आहे त्यांनी घरात बसून राहू नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात केवळ अक्षरे न दिसणे एवढेच अंधत्व मानलेले नाही. समोरचे स्पष्ट दिसत असूनही नजरेचा पल्ला १० अंशांपेक्षा कमी झाला असेल तर ते अंधत्व होय, आणि ४० अंशांपेक्षा कमी व १० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी होय. "यांना तर वाचता येते" म्हणून काचबिंदूच्या रुग्णाला कोणी परत पाठवले तर कडेच्या नजरेचा अहवाल दाखवून हा नियम सांगावा. प्रमाणपत्र मिळाल्यावर प्रवास, शिक्षण, नोकरी यांतील सवलतींचा मार्ग खुला होतो. ही भीक नाही, हक्क आहे.

संस्थेने आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

१४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिर घेतो, भोजनदान करतो. त्याच मंडपात एक नेत्रतपासणी ठेवता येईल. मात्र डॉक्टरांना बोलावतानाच सांगावे की केवळ मोतीबिंदूचे रुग्ण निवडण्यासाठी नव्हे, तर चाळिशीपुढील प्रत्येकाचा दाब व तार पाहण्यासाठी शिबिर हवे आहे. ज्यांना पुढे पाठवायचे ठरेल त्यांना चंद्रपूरला नेण्यासाठी एक दिवस, एक गाडी आणि दोन कार्यकर्ते नेमावेत. पत्र हातात देऊन सोडून दिले तर निम्मे लोक पोहोचतच नाहीत, कारण त्यांना दुखत काहीच नसते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी काम छोटे पण रोजचे आहे. घरातल्या आजी-आजोबांच्या डोळ्यात ठरल्या वेळी थेंब टाका. बाटलीवर तारीख लिहा. घरात पडलेल्या लालीच्या बाटल्या काढून लेबल वाचा, स्टेरॉइड असेल तर वडिलांना दाखवा. आई-वडिलांना विचारा, "आपल्या घरात कोणाला काचबिंदू होता का? आजोबा शेवटी आंधळे झाले ते कशाने?" या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ घरांत "म्हातारपणाने" असे येते. म्हातारपणाने केस पांढरे होतात, माणूस आंधळा होत नाही. आंधळेपणाला कारण असते, आणि ते कारण रक्ताच्या नात्याने पुढच्या पिढीकडे आलेले असू शकते.

आपल्या मागच्या पिढीला तपासणीची सोय नव्हती, पैसा नव्हता, सांगणारेही कोणी नव्हते. आज ग्रामीण रुग्णालय जवळ आहे, चंद्रपूरला दिवसभरात जाऊन येता येते, थेंब मिळतात. उरला आहे तो आपला आळस आणि "काही होत नाही ना, मग कशाला?" हा प्रश्न. या आजारात काही होत नाही तेव्हाच जायचे असते. ही स्मरणिका खाली ठेवण्यापूर्वी घरातल्या चाळिशीपुढील माणसांची नावे एका कागदावर लिहावीत आणि प्रत्येकाच्या नावापुढे तपासणीचा महिना टाकावा, एवढी सर्व वाचक बंधू-भगिनींना नम्र विनंती.